शेकरेटरी, एवढं लिवून घ्या!

मित्र मला विचारतात, "तुझ्याकडं एवढे किस्से येतात तरी कुठून?" अहो, कुठून काय! सहा वर्षं मी ग्रामपंचायतीचा चिटणीस होतो. गुळाच्या अडतीत बसणाऱ्याच्या अंगाला जसा गुळाचा वास लागतो, तसे पंचायतीच्या चिटणिसाला किस्से लागतात. सभेच्या वहीत लिहायची असते एकच ओळ, "विषय चौथा, चर्चा होऊन ठराव संमत." आणि ती चर्चा? ती तीन तास चाललेली असते, तीत दोघांनी पटके आपटलेले असतात, एकानं आईची शपथ घेतलेली असते, आणि शेवटी चहा आला म्हणून ठराव संमत झालेला असतो!

मी कोल्हापूर शहरातला. वडील हायस्कुलात मास्तर, मी मॅट्रिक. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं आणि गावोगावी पंचायती उभ्या राहत होत्या. मला गाव मिळालं ते राधानगरीच्या वाटेवरचं, मोठ्या रस्त्यापासून दोन मैल आत. सायकल घेऊन गेलो, तर शेवटचा मैल सायकलच माझ्या खांद्यावर बसून आली! गावानं माझं नाव कधी विचारलंच नाही. पहिल्या दिवसापासून मी 'शेकरेटरी'.

* * *

पहिली सभा चावडीत. सरपंच तुकातात्या, पन्नाशीचा गडी, बोलायला रोखठोक. त्यांचे चुलते आबा, वय सत्तरीच्या पुढं, तेही सभासद. तिसरे हिंदुराव. त्यांचं आणि तात्यांचं पटायचं नाही. तात्यांनी 'सूर्य उगवला' म्हटलं तर हे म्हणणार, "कुणाला इचारून?" चौथ्या आक्काताई. 'पंचायतीत एखादी बाई असू दे, वरच्या साहेबाला बरं वाटतंय' म्हणून घेतलेल्या. त्या बाईंनी पुढं सगळ्यांना कसं पळवलं ते येईलच.

तर वरच्या कचेरीतून पंचायतीला एक नवी कोरी खुर्ची आली होती. अध्यक्षांसाठी. मी ती मधोमध मांडली. म्हटलं, "तात्या, बसा."

तात्या उभेच. "शेकरेटरी, थोरला चुलता खाली घोंगड्यावर बसलाय आनि मी वर बसू? मला गावात ऱ्हायाचं हाय."

"मग आबा, तुम्ही बसा."

आबा म्हणाले, "नगो बाबा. मला पाय दुमडल्याबिगर अक्कल सुचत न्हाय."

हिंदुराव चट्कन उठले. "मग मी बसू काय?"

"तू कशापायी?" सगळी सभा एका आवाजात ओरडली. त्या सभेत एकमतानं झालेली ती पहिली गोष्ट!

शेवटी सगळे खाली बसले. माझी पंचाईत अशी, की वहीवर छापील ओळ होती, "अमुक अमुक अध्यक्षस्थानी होते." अध्यक्षस्थान तर रिकामं! काय लिहू? आबा म्हणाले, "खरं हाय ते लिवा की. खुर्ची अध्यक्षस्थानी हुती, आनि आमी समदी खाली."

मी नवखा. लिहिलं! सहा महिन्यांनी तपासणीला साहेब आले, त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, खुर्चीकडं बघितलं, घोंगड्यावरच्या आबांकडं बघितलं, आणि खाली शेरा मारला, "पाहिले. खरे आहे."

* * *

चैत्रात आमचं वर्षाचं पहिलं मोठं काम म्हणजे आडाचा गाळ काढणं. गावाला पिण्याच्या पाण्याचा आड एकच. तरणी पोरं दोराला धरून खाली उतरायची, गाळानं भरलेल्या पाट्या वर यायच्या, आणि बायका रांगेनं त्या पाट्या लांब नेऊन टाकायच्या. आक्काताई पदर खोचून काठावर उभ्या.

गाळात काय काय निघायचं! तांबे, कळशा, विळे, एकदा तर लोखंडी तवा निघाला. आडात तवा कुणी टाकला आणि का, ते आजतागायत कळलेलं नाही. निघालेलं सगळं कट्ट्यावर मांडायचं आणि ज्याचं त्यानं ओळखून न्यायचं, असा ठराव होता.

त्या वर्षी पहिल्यांदाच आड पार तळापर्यंत उपसला, आणि दुपारी एक तांब्याची घागर वर आली. काळीठिक्कर. आक्काताईंनी चिंचेनं घासली तर काठावर ठोकलेलं नाव दिसायला लागलं. नाव वाचलं मी, आणि अख्ख्या रांगेतला आवाज बंद झाला.

मला काही कळेना. आबांनी कानात सांगितलं. ती घागर एका घरातल्या थोरल्या जावेच्या माहेरची. अकरा वर्षांमागं ती नाहीशी झाली होती आणि थोरलीनं धाकटीवर आळ घेतला होता. 'तुझ्या भावाकडं पोचवलीस.' तेव्हापासून चुली वेगळ्या, दारं वेगळी, अबोला. आणि त्या दिवशी दोघीही रांगेत होत्या, मध्ये सात बायका सोडून!

थोरली पुढं आली. घागरीला हात लावला. नाव तिला वाचता येत नव्हतं, पण काठाला एक पोचा होता, त्यावरनं बोट फिरवलं. मग मागं न बघताच म्हणाली, "मी काय तू चोरलीस असं म्हनलं नव्हतं. कुटं गेली ठावं न्हाय, म्हनलं हुतं."

धाकटी तिथूनच म्हणाली, "अकरा वर्सं म्हनत हुतीस!"

 थोरलीचा चेहरा असा झाला की आता रडते की भांडते. तिनं घागर उचलायला बघितली, पण आत अजून गाळ गच्च भरलेला. तशीच वाकून ती म्हणाली, "मग बगत काय ऱ्हायलीस? हिकडनं धर की. एकलीला उचलंना झालीया."

धाकटीनं पाटी खाली ठेवली आणि दुसऱ्या बाजूनं घागर धरली. दोघी गेल्या. मी वहीत लिहिलं, "आडाचा गाळ काढला. पाणी स्वच्छ."

* * *

आषाढातलं काम म्हणजे कोंडवाडा. पिकात शिरलेली मोकाट जनावरं डांबून ठेवायची आणि मालक आला की समज देऊन सोडायची. गावात भैरोबाला सोडलेला एक वळू होता. देवाचा म्हणून त्याला कुणी हटकायचं नाही. त्यानं एका सकाळी हिंदुरावांचा भाताचा सगळा तरवा फस्त केला. लावणीला आलेली रोपं!

हिंदुरावांनी वळू स्वतः ओढत आणला. "कोंडा!"

तात्या म्हणाले, "अरं, देवाचा वळू हाय त्यो!"

"मग देवाच्या वळूनं देवाच्या रानात खावं! कायदा सगळ्यास्नी सारखा का न्हाय?"

कायदा सारखाच होता. वळू कोंडला. मी फॉर्म भरला. मालकाचे नाव? आमचा शिपाई बापू, चार पिढ्या गावाची दवंडी पिटणाऱ्या घरातला माणूस, तो म्हणाला, "त्यात इचार कसला? मालक भैरोबा." मी लिहिलं, 'श्री भैरोबा, राहणार देऊळ.' कागद वर गेला.

पंधरा दिवसांनी परत आला. वर लाल शाईत शेरा, "मालकाची सही अथवा अंगठा घेऊन कागद फेर सादर करावा."

सभा बसली. गुरव म्हणाला, मी देवाच्या वतीनं सही करणार नाही, उद्या देव मला विचारील. शेवटी आबांनी तोड काढली. "बापू, कागद देवाम्होरं ठेव, अंगाऱ्याचं बोट लाव, आनि दे लावून. अंगठा म्हंजे तरी काय, काळा डागच की!"

कागद गेला तो पुन्हा आला नाही!

पण गंमत पुढंच. पंधरा दिवस वळू कोंडवाड्यात, आणि त्याला वैरण कोण घालत होतं? हिंदुराव! "भांडान माझं त्येच्या खान्याशी हाय, त्येच्या पोटाशी न्हाय," असं म्हणून रोज भारा टाकून जायचे. वळू सुटला तो सरळ हिंदुरावांच्या गोठ्यात जाऊन उभा राहिला. तिथून हलेचना. बापूनं विचारलं, "आता हेचा मालक कोन लिवायचा?"

हिंदुराव म्हणाले, "कुनाचं बी लिवा. अंगठा मागू नका म्हंजे झालं!"

* * *

दिवाळीनंतर देवी टोचणारे डॉक्टर यायचे. ते आले की गावातली पोरं उसात आणि आया त्यांच्या मागं. देवीची लस टोचली तर देवी कोपते, असा समज. आदल्या साली शेजारच्या वाडीत दोन पोरं देवीनं गेली होती, तरी कुणी दंड पुढं करीना. डॉक्टर दोन तास चावडीत बसून चहा पिऊन गेले. पुढच्या बुधवारी परत येतो म्हणाले.

आक्काताई म्हणाल्या, "देवीची भीती हाय न्हवं? मग देवीलाच इचारू."

गुरवानं कौल लावायचं ठरलं. मंगळवारी सगळा गाव देवीच्या देवळात. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. तात्या, मी, सगळे घामाघूम. डावं पडलं तर? डॉक्टरला काय सांगणार? बराच वेळ काही हललं नाही. मग टप्‌! उजवं!

बुधवारी एका दिवसात अख्ख्या गावाची पोरं टोचून झाली. बायका आपापल्या पोरांना पुढं ढकलत होत्या.

देवळातून निघताना मात्र आक्काताईंनी एक बघितलं होतं. गुरवाची पाच वर्षांची नात घंटा वाजवायला हात वर करत होती, झग्याची बाही घसरली आणि दंडावर लस टोचल्याच्या ताज्या खपल्या! आक्काताईंनी तेव्हा चकार शब्द काढला नाही. सगळं टोचणं उरकल्यावर त्यांनी माझ्यादेखत गुरवाला गाठलं. "गुरव, ह्ये कवा?"

गुरवाचा चेहरा पडला. "मागल्या पंधरवड्यात. मलकापूरला लेकीकडं गेलतो तवा."

"म्हंजे आदी टोचून आनली, आनि मग कौल लावला?"

गुरव हात जोडून म्हणाला, "आक्काताई, देवी बी आईच हाय की. तिनं समजून घेटलं!"

* * *

छोटासाच आहे, पण सांगतो. गावाला रॉकेलच्या दिव्याचा एक खांब मंजूर झाला. एकच! प्रत्येकाला तो आपल्या दारात हवा. आबांनाही हवा, "म्हातारा मानूस, ठेचकाळतोय." तात्यांनी ठरवलं, हिंदुरावांच्या कोपऱ्यावर.

मी चकित. विरोधकाच्या दारात उजेड?

तात्या हसले. "शेकरेटरी, दिवा माझ्या दारात लावला, तर बापू चार दिस लावंल आनि पाचव्या दिशी इसरंल. तितं लावला, तर हिंदुराव रोज बगत बसनार, लागला का न्हाय. आनि न्हाय लागला तर आख्खं गाव डोस्क्यावर घेनार!"

सहा वर्षांत तो दिवा एक दिवसही चुकला नाही.

* * *

आता रस्त्याचं सांगतो. गाव ते मोठा रस्ता, दोन मैल. पावसाळ्यात चार महिने गाव म्हणजे बेट. आजाऱ्याला बाजेवर घालून न्यायचं, बाळंतिणीला डोलीत. सुगीनंतर श्रमदानानं रस्ता करायचं ठरलं. घरटी एक माणूस. सगळं जमलं, अडलं ते हिंदुरावांच्या बांधाशी. त्यांच्या उसाच्या रानातून दहा हात पट्टी सोडली तर रस्ता सरळ जात होता.

तात्यांनी तीनदा मागितली. हिंदुरावांनी तीनदा सांगितलं, "न्हाय." चौथ्यांदा तात्या पटका काढून म्हणाले, "पायावर ठेवू काय?" हिंदुराव म्हणाले, "ठेवा. उचलून परत दीन!"

आक्काताईंनी तात्यांना बाजूला घेतलं. "आता मागायचं बंद करा. रस्ता वळवा."

"वळवला तर पाऊण मैल वाढतोय!"

"वाढू द्या. नुसतं आखून तर बगा."

दुसऱ्या दिवशी आम्ही चुन्याची फक्की घेऊन हिंदुरावांच्या रानाला लांबून वळसा घालणारी रेघ ओढायला लागलो. मुद्दाम सावकाश. हिंदुराव बांधावर बसून बघत होते. पहिल्या दिवशी खूश. दुसऱ्या दिवशी गप्प. तिसऱ्या दिवशी उठून आले.

"शेकरेटरी, हितनं गाड्या गेल्या तर माझं रान दिसंल काय?"

मी म्हटलं, "नाही. मधे ओढ्याची झाडी आहे."

"म्हंजे मोटारी जानार, पावनं येनार, साहेब येनार, आनि माझा ऊस कुनाला दिसनारच न्हाय?"

मी म्हटलं, "कसा दिसेल?"

हिंदुरावांचा ऊस खरोखरच बघण्यासारखा असायचा. पंचक्रोशीत तसा ऊस नव्हता, आणि हे त्यांना सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. ते तसेच घरी गेले, कुदळ घेऊन आले आणि आपल्या हातानं आपला बांध फोडायला लागले. तात्या धावत आले. "अरं हिंदुराव, काय ह्ये?"

"मागत हुता तवर दिली न्हाय. आता कुनी मागंना, म्हनून देतोय! आनि रस्ता दहा हात न्हाय, बारा हात करा. मोटार थांबवून ऊस बगायचा म्हनला एखाद्यानं, तर जागा नगो?"

रस्ता झाला. पहिली मोटार आली त्या दिवशी ड्रायव्हरला हार घालायचा मान तात्यांनी हिंदुरावांना दिला. हिंदुरावांनी हार घातला, आणि ड्रायव्हरला हाताला धरून आधी कुठं नेलं असेल, ते मी सांगायला नको!

* * *

आणि आता शेवटचा. हा मी फार कमी लोकांना सांगितला आहे.

पहिल्या मोठ्या निवडणुकीच्या आधी मतदारांची यादी करायचं काम आमच्यावर आलं. पुरुषांची नावं दोन दिवसांत झाली. बायकांपाशी गाडं अडलं. "नाव काय?" "गणपाची आई." "तुमचं नाव हो." "सांगितलं की, गणपाची आई!" वरून हुकूम होता, ज्या बाईचं स्वतःचं नाव नाही, तिचं मत नाही. आक्काताई माझ्याबरोबर घरोघर फिरल्या, चुलीपुढं बसल्या, आणि लाजत, हसत, पदर तोंडात धरत एकेक नाव बाहेर पडलं.

राहिली एकच. शिरपाची आई. साठीची विधवा, अंगानं काटक. तिनं सरळ सांगितलं, "मला ठावं न्हाय."

आक्काताई म्हणाल्या, "असं कसं?"

"नवव्या वर्साला लगीन झालं. सासूनं नाव बदललं, पर त्या नावानं कुनी हाकच मारली न्हाय. 'ए धाकटे' म्हनत हुती. मग शिरपा झाला, मग शिरपाची आई. त्येच्या आदीचं इसरून गेलं बगा."

शिरपाला विचारलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "मी आईच म्हनतोय की!" दीर, जावा कुणी उरलं नव्हतं. मी म्हटलं, "काहीतरी लिहू या. लक्ष्मीबाई लिहितो."

बाई एकदम म्हणाली, "दुसऱ्या कुनाचं नगो. माझं असंल ते लिवा."

यादी शनिवारी बंद होणार होती. तो मंगळवार. तिचा एक थोरला भाऊ मलकापूरच्या बाजूला होता, कित्येक वर्षांत भेट नव्हती. जन्मात कधी मोटारीत न बसलेली ती बाई बुधवारी पहाटे चालत मोठ्या रस्त्याला गेली आणि एकटीच मोटारीत बसली.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी मी यादी बांधायला घेतली, तर दारात बाई. पाय धुळीनं भरलेले. आत येऊन भिंतीला टेकून बसली. आक्काताईंनी पाणी दिलं. मी विचारलं, "भावानं सांगितलं का नाव?"

"इचारावंच लागलं न्हाय," ती म्हणाली. "त्येचं डोळं गेल्यात. वट्ट्यावर बसला हुता. मी नुसतं म्हनलं, 'दादा, घरात हाईस न्हवं?' तर म्हनतोय कसा, 'कोन? चंद्रा?'"

 मी टाक शाईत बुडवला.

"लिवा," ती म्हणाली. "चंद्रा."

मतदानाच्या दिवशी शाळेपुढं बायकांची रांग लागली होती. आतून कारकून एकेक नाव पुकारत होता. मी दाराशी उभा होतो. त्यानं पुकारलं, "चंद्राबाई!"

कुणी पुढं येईना. त्यानं परत पुकारलं, "चंद्राबाई!"

रांगेच्या तोंडाशी शिरपाची आई उभी होती. ती बाजूला सरली, मागच्या बाईला वाट करून देत म्हणाली, "जा की बाई, तुला बोलवाय लागल्यात."

मागची म्हणाली, "मला न्हाय ओ मावशी, तुमास्नीच!"

बाई थबकली. मग तिच्या सगळ्या चेहऱ्यावर हसू पसरलं. डोक्यावरचा पदर सारखा केला, दारापर्यंत गेली, आणि आतल्या कारकुनाला म्हणाली, "साहेब, परत एकडाव हाक मारा की!"

कारकुनानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं यादीवर बोट ठेवलं आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असं पुकारलं,

"चंद्राबाई!"

"ओ!"